कोटाआडचे शस्त्र

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८२२ साली एका खटल्याचा निकाल दिला. त्याच्या मुळाशी होती ब्लिस नावाच्या गृहस्थाच्या हातातली काठी. बाहेरून ती कुणाही प्रतिष्ठित माणसाला शोभेल अशी. आत मात्र तलवारीचे पाते, म्हणजे आपल्याकडची गुप्तीच. ३ फेब्रुवारी १८१३ रोजी तिथल्या विधिमंडळाने खिशातले पिस्तूल, कट्यार, मोठा सुरा किंवा काठीतली तलवार अंगावर लपवून फिरायला मनाई केली होती. प्रवासाला निघालेल्यांना तेवढी सवलत. बाकीच्यांना कमीत कमी शंभर डॉलर दंड. ब्लिसला तेवढा दंड झाला, त्याने अपील केले, आणि न्यायाधीशांनी बहुमताने त्याच्या बाजूने कौल देऊन कायदाच रद्द ठरवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क राज्याच्या घटनेने वादातीत ठरवला आहे, ती घटना झाली तेव्हा शस्त्र उघडे ठेवावे की झाकून, यावर कसलेही बंधन नव्हते, मग त्या हक्काचा एक कोपरा जरी कापला तरी तो हक्क पुरा राहत नाही. आज विधिमंडळ झाकलेले शस्त्र काढून घेईल, उद्या उघडेही घेईल.

अमेरिकेतल्या शस्त्रहक्काचा विषय निघाला की संघराज्याच्या घटनेतल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचे नाव आधी येते. ब्लिसच्या निकालाचा आधार मात्र ती नव्हती, हे आपण सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे. आपल्याला साऱ्या देशाची मिळून एकच राज्यघटना ठाऊक. अमेरिकेत प्रत्येक घटक राज्याची स्वतंत्र घटना आहे, आणि त्यांतल्या काही तर संघराज्याच्या घटनेहून जुन्या आहेत. संघराज्याच्या हक्कांची सनद फक्त वॉशिंग्टनच्या सरकारला बांधते, राज्यांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८३३मध्ये सांगितले; शस्त्रांच्या बाबतीत ही स्थिती थेट २०१०पर्यंत टिकली. म्हणजे जवळजवळ दोन शतके, कोटाच्या आत पिस्तूल ठेवणाऱ्या माणसाचे काय करायचे, हे त्या त्या राज्याच्या घटनेतल्या एखाद्या वाक्यावर ठरत आले. ती वाक्ये एकमेकांकडून उसनी घेतली गेली, खरडली गेली, त्यांना शेपट्या जोडल्या गेल्या आणि शतकभराने त्या शेपट्या तोडल्याही गेल्या. त्यांची वंशावळ शोधायला आपल्याला अटलांटिक ओलांडून मागे जावे लागते.

१३२८ साली नॉर्दॅम्प्टन येथे भरलेल्या इंग्लंडच्या पार्लमेंटने तिसऱ्या एडवर्डच्या नावाने एक कायदा केला. राजाचे सेवक वगळता लहानथोर कुणीही जत्रेत, बाजारात, न्यायाधीशांसमोर किंवा अन्यत्र, दिवसा वा रात्री, सशस्त्र फिरू नये. फिरल्यास शस्त्रे जप्त आणि राजाची मर्जी असेल तितके दिवस तुरुंग. हा कायदा पुढे शतकानुशतके पुस्तकात राहिला, पण त्याचा अर्थ हळूहळू पातळ झाला. १६८६मध्ये ब्रिस्टलच्या सर जॉन नाइटवर याच कायद्याखाली खटला भरण्यात आला. तो बंदुका घेऊन रस्त्यांतून फिरला, चर्चमध्येही गेला, असा आरोप होता. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. तीनच वर्षांनी, १६८९च्या हक्कांच्या सनदेत, प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपापल्या स्थितीनुसार आणि कायदा मुभा देईल त्याप्रमाणे स्वसंरक्षणासाठी शस्त्रे बाळगता येतील, असे कलम आले. 'स्थितीनुसार' आणि 'कायदा मुभा देईल त्याप्रमाणे' या दोन पुरवण्या जोडलेला हा हक्क तसा बेताचाच. अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी तो उचलताना पुरवण्या मागेच ठेवल्या.

१७७६मध्ये पेनसिल्व्हेनियाने आपली घटना लिहिली. या वसाहतीवर क्वेकर पंथीयांचे वजन होते. युद्धाला धर्माने विरोध करणाऱ्या त्या मंडळींच्या विधिमंडळाने सरहद्दीवरच्या वस्त्यांसाठी नागरी सेना उभारायला दीर्घकाळ टाळाटाळ केली होती. त्या कडू आठवणीतून, लोकांना 'स्वतःच्या आणि राज्याच्या' संरक्षणासाठी शस्त्रे धारण करण्याचा हक्क आहे, असे शब्द सनदेत उतरले. पुढच्याच वर्षी व्हरमाँटने ते उचलले आणि १७९२मध्ये केंटकीने थोडा फरक करून आपल्या घटनेत बसवले. मॅसॅच्युसेट्सने मात्र १७८०मध्ये फक्त 'सामायिक संरक्षणा'चा उल्लेख केला. त्यावर तिथल्या काही गावसभांनी हरकत घेतली, स्वतःचे रक्षण कुठे गेले म्हणून. हरकत घेणाऱ्यांत नॉर्दॅम्प्टन नावाचेच एक गाव होते, हा इतिहासाचा खोडकरपणा. दुसरी घटनादुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ला मंजूर झाली तेव्हा राज्यांच्या सनदांत या वाक्याचे अनेक अवतार आधीच नांदत होते. त्यांतल्या कशातही उघड आणि छुपे हा भेद नव्हता.

तो भेद आला ॲपलाशियन डोंगरांपलीकडच्या मुलखातून. १८१३ साली केंटकीपाठोपाठ लुइझियानानेही छुप्या शस्त्रांवर बंदी घातली, आणि पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत इंडियाना, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा त्याच वाटेने गेले. हे कायदे शांतताप्रिय उत्तरेत जन्माला येतील अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात ते आले द्वंद्वयुद्धांच्या आणि मानापमानाच्या दक्षिणेतून. तिथली समजूत अशी की, मर्द माणूस शस्त्र कमरेला उघडे लावतो, समोरच्याला ते दिसते, आणि तो त्या हिशेबाने वागतो. कोटाच्या आत पिस्तूल ठेवणारा माणूस दगाबाज. १८२७मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीत जिम बोवीने आपल्या मोठ्या सुऱ्याने एकाला ठार केले आणि 'बोवी नाइफ' घराघरांत गेला. १८३६मध्ये सॅम्युअल कोल्टने रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर खिशात सहज मावणारी पिस्तुले विकत होता. पुढे लिंकनची हत्या झाली ती तशाच एका पिस्तुलाने. शस्त्र जसजसे लहान होत गेले तसतसा खिसा हा कायद्याचा विषय बनत गेला.

ब्लिसच्या निकालाला मात्र शेजारच्या न्यायालयांत कुणी वाली मिळाला नाही. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३३मध्ये एका वाक्यात बंदी वैध ठरवली. कारणे द्यायचीही तसदी घेतली नाही. अलाबामात १८४०मध्ये प्रश्न आला तो चक्क एका शेरीफचा. रीड नावाच्या या अधिकाऱ्याने पिस्तूल लपवून बाळगले होते. त्या राज्याची घटनाही 'स्वतःच्या आणि राज्याच्या' रक्षणाची ग्वाही देणारी होती. तरी न्यायालय म्हणाले की, शस्त्र कसे बाळगावे हे विधिमंडळ ठरवू शकते, मात्र त्याने हक्कच नाहीसा होता कामा नये. त्याच वर्षी टेनेसीने, १८४२मध्ये आर्कान्सासने, १८५०मध्ये लुइझियानाने बंदी उचलून धरली. जॉर्जियाचा १८४६चा 'नन' खटला या मालिकेतला सर्वांत रंजक. न्यायमूर्ती जोसेफ हेन्री लंपकिन यांनी छुप्या शस्त्रांवरची बंदी राखली आणि उघड शस्त्रांवरची मोडली. जॉर्जियाच्या घटनेत तेव्हा शस्त्रांचे कलमच नव्हते, म्हणून त्यांनी दुसऱ्या घटनादुरुस्तीचाच आधार घेतला. ती राज्यांना लागू नाही हे तेरा वर्षांपूर्वी वॉशिंग्टनहून सांगून झाले होते; लंपकिन यांनी त्याची फिकीर केली नाही.

केंटकीत ब्लिसचा निकाल अठ्ठावीस वर्षे टिकला. १८४९च्या उन्हाळ्यात, नव्या घटनेसाठी प्रतिनिधी निवडण्याच्या धामधुमीत, गुलामगिरीचा कडवा विरोधक कॅशियस क्ले याची फॉक्सटाउनच्या सभेत विरोधकांशी झटापट झाली आणि त्याच्या हातून सायरस टर्नर सुऱ्याने मारला गेला. अशा वातावरणात बसलेल्या घटना परिषदेने दोन गोष्टी केल्या. द्वंद्वयुद्ध खेळलेल्याला सरकारी पदाची दारे बंद केली. आपण द्वंद्व खेळलेलो नाही, ही शपथ तिथले अधिकारी आजही घेतात. आणि शस्त्रांच्या जुन्या कलमाला शेपटी जोडली: छुपी शस्त्रे बाळगण्यास प्रतिबंध करणारे कायदे विधिमंडळ करू शकेल. न्यायालयाने घटनेचा लावलेला अर्थ पटला नाही तर घटनाच बदलायची, ही राज्यांची खास रीत. संघराज्याच्या घटनेत एक शब्द हलवायला तीनचतुर्थांश राज्यांची संमती लागते. राज्याच्या घटनेला मतदारांचा एक मंगळवार पुरतो.

ही शेपटी पुढे फार फोफावली, पण तिथे जाण्याआधी एका काळ्या पानावर आपल्याला थांबावे लागेल. टेनेसीच्या १७९६च्या घटनेत शस्त्रांचा हक्क स्वतंत्र पुरुषांना होता. १८३४च्या घटनेने तो 'स्वतंत्र गोऱ्या पुरुषां'पुरता केला. आर्कान्सासने १८३६मध्ये आणि फ्लोरिडाने १८३८मध्ये तेच शब्द घेतले. १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक न मानण्याची जी कारणे दिली, त्यांत एक हेही होते: नागरिक मानले तर त्यांना हवे तिथे शस्त्रे घेऊन फिरता येईल. यादवी युद्ध संपताच १८६५मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय शस्त्रे बाळगायला बंदी केली. चौदावी घटनादुरुस्ती १८६८मध्ये आली आणि असा रंग उघड लिहिणे अवघड झाले. मग लेखणी वळली रंगाचा उल्लेख नसलेल्या भाषेकडे. टेनेसीने १८७०मध्ये आणि टेक्सासने १८७६मध्ये गुन्हे रोखण्यासाठी शस्त्रधारणेचे नियमन करण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. नॉर्थ कॅरोलायना आणि मिसुरीने १८७५मध्ये, कोलोरॅडोने १८७६मध्ये लिहिले की, या कलमामुळे छुपी शस्त्रे बाळगण्याची प्रथा समर्थनीय ठरत नाही. माँटाना १८८९, मिसिसिपी १८९०. प्रत्येक ठिकाणी हेतू वंशद्वेषाचाच होता असे म्हणणे अतिरेकाचे होईल. कोलोरॅडो-माँटानाच्या खाणगावांना दारूच्या गुत्त्यातली पिस्तुले पुरेशी चिंतेची होती. पण अंमल कुणावर होई, हे फ्लोरिडाच्या एका न्यायमूर्तींनी पुढे सांगून टाकले. बंदुकांच्या परवान्याचा १८९३चा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता आणि गोऱ्यांना तो कधी लागू करायचाच नव्हता, असे न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी १९४१मध्ये आपल्या स्वतंत्र मतपत्रात लिहिले. तेही कसलाही संकोच न दाखवता.

विसाव्या शतकाच्या तोंडाशी दोन रस्ते फुटतात. १९०३मध्ये व्हरमाँटच्या न्यायालयापुढे रटलंड शहराचा नियम आला: महापौर किंवा पोलीसप्रमुखाच्या लेखी परवानगीशिवाय लपवलेले शस्त्र नको. न्यायालयाने १७७७च्या त्या उसन्या वाक्याचा आधार घेऊन नियम मोडीत काढला, आणि व्हरमाँटने तेव्हापासून आजतागायत अशा परवान्याचा कायदाच केला नाही. दुसरा रस्ता न्यू यॉर्कचा. तिथल्या घटनेत शस्त्रांचे कलम नव्हते, आजही नाही. जानेवारी १९११मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांना ग्रॅमर्सी पार्कजवळ भर दिवसा गोळ्या घालण्यात आल्या, आणि टॅमनी हॉल या तिथल्या राजकीय यंत्रणेचा बडा पुढारी टिमथी सलिव्हन याने पिस्तूल बाळगायला पोलिसी परवाना लागेल असा कायदा पुढे रेटला. इटालियन स्थलांतरितांबद्दलची भीती त्याला पाठबळ देत होती. १९१३पासून छुप्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी 'योग्य कारण' दाखवणे आवश्यक झाले. योग्य काय ते अधिकारी ठरवणार. आपल्याकडे शस्त्र परवान्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे, तर एक वळसा घेऊ. १८७८च्या इंग्रजी शस्त्र कायद्याची सल राष्ट्रीय चळवळीत खोल होती. १९३१च्या कराची ठरावात, नियम आणि मर्यादांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्रे बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८मध्ये हरी विष्णू कामत यांनी संविधान सभेत तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. पूर्वी प्रश्न परकी सरकारचा होता. स्वतंत्र देशात हा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारही तो मागतील, असा त्यांचा रोख होता. अमेरिकेच्या राज्यांनी जे वाक्य लिहून मग शंभर वर्षे त्याला शेपट्या जोडल्या, ते वाक्य आपण लिहिलेच नाही.

अमेरिकेत तोवर अधिकाऱ्याच्या मर्जीवरचा परवाना बहुतेक राज्यांत रुळला होता. नॅशनल रायफल असोसिएशनचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी १९३४मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, सरसकट सर्वांनी बंदुका घेऊन फिरणे आपल्याला पसंत नाही आणि त्यावर कडक नियंत्रण असावे. ही संस्था पुढे शस्त्रहक्काची कडवी पुरस्कर्ती झाली, हे ठाऊक असणाऱ्याला ती साक्ष वाचताना गंमत वाटते. मर्जी कशी चाले, याचे उदाहरण १९५६चे. ३० जानेवारीला, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. किंग यांनी छुप्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. अलाबामाच्या अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. पुढे गांधीविचार मुरत गेला तशी किंग यांनी घरातली शस्त्रेही दूर केली. त्यानंतर ११ वर्षांनी, मे १९६७मध्ये, ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीय संघटनेचे लोक बंदुका उघड हातात घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले, आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेले शस्त्र सार्वजनिक जागी बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली. शंभर वर्षांपूर्वी उघडे शस्त्र सज्जनाचे आणि झाकलेले दगाबाजाचे होते. आता उघडे शस्त्र दहशतीचे वाटू लागले, आणि झाकलेले, परवाना असेल तर, सभ्य. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण हे आहे, आणि ते कोणत्याही निकालाने घडवलेले नाही.

इंडियानात एका अर्जदाराला 'योग्य कारण नाही' म्हणून परवाना नाकारला गेला. १९८०मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने घटनेतल्या 'स्वतःच्या संरक्षणासाठी' या शब्दांवर बोट ठेवले: घटनेनेच जे कारण दिले आहे ते योग्य की अयोग्य हे पोलीस अधीक्षक कसे ठरवणार? १९८६मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या मतदारांनी घटनेत शस्त्रहक्क घातला आणि १९८८मध्ये तिथल्या न्यायालयाने परवान्याचा जुना कायदा अतिव्यापक म्हणून रद्द केला. या दोन्हींच्या मध्ये, १९८७मध्ये, फ्लोरिडाने अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला. त्यामागे हात होता मॅरियन हॅमर या बाईंचा. त्याच पुढे रायफल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. फ्लोरिडाची नक्कल एकामागून एक राज्यांनी केली.

विस्कॉन्सिनची हकीकत अधिक गुंतागुंतीची. छुप्या शस्त्रांवर तिथे १८७२पासून पूर्ण बंदी होती, आणि १९९८मध्ये मतदारांनी घटनेत नवा शस्त्रहक्क लिहिला. दोन्ही एकत्र कसे नांदणार? मिलवॉकीत वारंवार दरोडे सोसलेल्या एका दुकानदाराच्या खिशात, त्याच्याच दुकानात, पोलिसांना पिस्तूल सापडले. २००३मध्ये न्यायालयाने बंदी राखली पण या माणसाची शिक्षा रद्द केली. स्वतःच्या दुकानात तरी घटनेचा हक्क पोकळ ठरू नये म्हणून. मिसुरीने तर शेपटीचे आयुष्य पुरे करून दाखवले. १९९९मध्ये मतदारांनी परवाना पद्धत थोडक्यात नाकारली. २००३मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून ती आणली. विरोधक १८७५चे वाक्य घेऊन न्यायालयात गेले. न्यायालयाने २००४मध्ये सांगितले की, छुपे शस्त्र 'समर्थनीय ठरत नाही' याचा अर्थ घटना तो हक्क देत नाही इतकाच. विधिमंडळाला मुभा द्यायची तर घटना आडवी येत नाही. २०१४मध्ये मतदारांनी ते वाक्यच पुसून टाकले. लुइझियानाने असेच २०१२मध्ये केले होते. केंटकीने १८५०ची शेपटी पुसली नाही, पण २०१९पासून तिथे छुप्या शस्त्राला परवानाही लागत नाही. सत्ता घटनेत शाबूत आहे, वापरणारे कुणी नाही.

दरम्यान संघराज्याची घटना अखेर या रिंगणात उतरली. २००८च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या घटनादुरुस्तीत वैयक्तिक हक्क पाहिला आणि त्यासाठी लंपकिन यांच्या जुन्या निकालपत्राची मुक्तकंठाने स्तुती केली. २०१०मध्ये तो हक्क राज्यांना लागू झाला. इलिनॉय हे पूर्ण बंदीचे शेवटचे राज्य २०१३मध्ये वाकले. २३ जून २०२२च्या ब्रूएन निकालात न्यू यॉर्कचे 'योग्य कारण' गेले. यापुढे निर्बंध टिकवायचा तर तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवावे, असे न्यायमूर्ती टॉमस यांनी ठरवले. त्यामुळे १३२८चे नॉर्दॅम्प्टन, १६८६चा सर जॉन नाइट, १८४०चा शेरीफ रीड ही सारी मंडळी पुन्हा साक्षीला उभी राहिली. आपण ज्या कागदांवरून इथवर चालत आलो, त्याच कागदांवर आज माणसे सुटतात किंवा अडकतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे सुखावणारे असेल, पण न्यायाधीशाने जुन्या दप्तरांतून सोयीची पाने निवडावी हे मला तितकेसे रुचत नाही; याच दप्तरात 'गोऱ्या पुरुषां'ची पानेही आहेत.

राज्यांच्या घटनांचे काम मात्र त्यामुळे संपलेले नाही. २०२२च्या नोव्हेंबरात आयोवाने शस्त्रहक्क घटनेत घातला आणि असे कलम नसलेली पाचच राज्ये उरली. मार्च २०२४मध्ये साउथ कॅरोलायना हे विनापरवाना शस्त्र बाळगू देणारे एकोणतिसावे राज्य झाले. त्याच्या महिनाभर आधी, ७ फेब्रुवारीला, हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेने पाऊल टाकले. कमरेला विनापरवाना पिस्तूल खोचून माउई बेटावरच्या डोंगरात फिरताना सापडलेल्या एका माणसाचा तो खटला. हवाईच्या घटनेतले कलम दुसऱ्या घटनादुरुस्तीची शब्दशः नक्कल आहे. न्यायालयाने हवाईच्या राजवटीतला १८५२चा शस्त्रांचा कायदा काढला, 'अलोहा'च्या परंपरेचा हवाला दिला, आणि म्हटले की, याच शब्दांतून आमच्या राज्याच्या घटनेत सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याचा वैयक्तिक हक्क निघत नाही. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये त्यात तूर्त हात घालायला नकार दिला. टॉमस यांनी सोबत नापसंतीची टिपणी जोडली, आणि खटला पुढे चालण्यासाठी बेटांवर परत गेला.